शोधजाहिरातींतील कीवर्डची निवड आणि मराठी शब्दव्यवहार : येलहंका परिसराच्या संदर्भात

कोशकार शब्द कोठून घेतो, हा प्रश्न मराठी कोशवाङ्मयाच्या चर्चेत नेहमीच मध्यवर्ती राहिला आहे. मोल्सवर्थ यांच्या १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७ साली वाढवून पुन्हा काढलेल्या मराठी-इंग्रजी कोशात लोकांच्या तोंडी असलेल्या, ग्राम्य समजल्या जाणाऱ्या शब्दांनाही मोकळेपणाने जागा मिळाली. त्याआधी शिवकाळात सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाची दृष्टी निराळी होती. प्रचारातील फारसी-अरबी शब्दांना त्याने संस्कृत पर्याय दिले. लोक काय बोलतात यापेक्षा लोकांनी काय बोलावे, याकडे त्याचा कल होता. शब्दसंग्रहाच्या या दोन वृत्ती आज एका अनपेक्षित क्षेत्रात पुन्हा समोरासमोर आलेल्या दिसतात. ते क्षेत्र म्हणजे इंटरनेटवरील शोधजाहिरातींचे. तेथे शब्द निवडणारा बहुधा कोशकार नसतो. तो दुकानदार, शिकवणीचालक किंवा घरगुती डबे देणारी गृहिणी असते, आणि चुकीच्या शब्दाची किंमत त्यांना रोजच्या रोज रुपयांत मोजावी लागते.

प्रथम परिभाषेचा खुलासा आवश्यक आहे. शोधयंत्राच्या चौकटीत माणूस जे टंकतो किंवा उच्चारतो, त्याला येथे 'शोधशब्द' म्हटले आहे. जाहिरातदार आपल्या जाहिरातीसाठी आधीच निवडून ठेवतो, तो 'कीवर्ड'. व्यवहारात हे दोन्ही एकच समजले जातात आणि निम्म्या चुका तेथेच होतात. शोधशब्द हा विचारणाऱ्याचा असतो, तर कीवर्ड हा विकणाऱ्याने त्याबद्दल बांधलेला अंदाज असतो. त्या अंदाजात आणि प्रत्यक्ष बोलण्यात जेवढे अंतर, तेवढा पैसा वाया जातो.

या जाहिरातींची व्यवस्था फार जुनी नाही. १९९८ साली अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू या शोधसेवेने शब्दांचा लिलाव सुरू केला. जो जास्त बोली लावेल त्याची जाहिरात वर, आणि पैसे फक्त कोणी त्यावर क्लिक केले तरच. पुढे २००१ मध्ये तिचे ओव्हर्चर असे नामांतर झाले आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गूगलची ॲडवर्ड्स ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये ३५० जाहिरातदारांनिशी सुरू झाली. २००२ मध्ये तिने लिलावात महत्त्वाचा बदल केला : केवळ बोलीची रक्कम न पाहता, लोक ती जाहिरात किती प्रमाणात निवडतात, हेही क्रम ठरवताना पाहिले जाऊ लागले, आणि जिंकणाऱ्याला आपली पूर्ण बोली न भरता खालच्याला मागे टाकण्यापुरतीच रक्कम भरावी लागू लागली. २०१८ पासून ही सेवा गूगल ॲड्स या नावाने ओळखली जाते. या बदलाचा भाषिक अर्थ असा, की शब्द आणि जाहिरात यांचा मेळ चांगला असेल, तर लहान विक्रेता कमी पैशांतही मोठ्याच्या वर बसू शकतो. मराठीत लिलावातील 'बोली' आणि लोकांची 'बोली' हे दोन्ही शब्द सारखेच आहेत. पहिली परवडायची असेल, तर दुसरी ठाऊक असावी लागते.

येलहंका आणि तेथील मराठी माणूस

हा विषय बेंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका या उपनगराच्या संदर्भात पाहण्यास कारण आहे. १५३७ साली बेंगळुरू वसवणाऱ्या पहिल्या केंपेगौडांचे घराणे येलहंका नाडाचे प्रभू म्हणून ओळखले जात असे. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या मोहिमेत बेंगळुरू त्यांच्या वंशजांकडून गेले आणि जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आले. त्यांच्या दरबारी जयराम पिंड्ये याने रचलेल्या 'राधामाधवविलासचंपू'मध्ये अनेक भाषांतील रचनांना स्थान आहे, हे अभ्यासकांना माहीत आहेच. या प्रदेशात मराठीने एकटीने कधीच वावर केलेला नाही. ती कन्नड, तेलुगू, तमिळ आणि दखनी यांच्या शेजारातच राहिली.

आजच्या येलहंका परिसरात वायुदलाचा तळ आहे, १९८४ साली सुरू झालेला रेल्वेच्या चाकांचा व आसांचा कारखाना आहे, सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, अभियांत्रिकी आणि कलाशिक्षणाच्या संस्था आहेत, आणि २००८ साली देवनहळ्ळीजवळ नवा विमानतळ सुरू झाल्यापासून त्या मार्गावर वाढलेल्या वसाहती आहेत. बदलीवर आलेला कर्मचारी, शिकायला आलेला विद्यार्थी, संगणक-उद्योगातील तरुण जोडपे, आणि बेळगाव-धारवाडकडून आलेली, घरात मराठी व बाहेर कन्नड बोलणारी कुटुंबे असा येथील मराठी समाज आहे. त्याला दाट वस्तीचा स्वतंत्र मोहल्ला नाही. तो विखुरलेला आहे. म्हणूनच शेजाऱ्याच्या तोंडून जे कळायचे, ते त्याला आता फोनवर शोधावे लागते.

शोधताना पहिली अडचण गावाच्या नावापासूनच येते. चोळकालीन लेखांत हा प्रदेश इलैपाक्क नाडु म्हणून येतो, नंतर एलहक्क असे रूप आढळते. कन्नडात आज 'यलहंक' लिहितात. मराठी वृत्तपत्रे 'येलहंका' लिहितात, क्वचित 'यलहंका'. रोमन लिपीत तर आरंभीच्या अक्षरापासून मतभेद आहेत. शहराच्या नावाची स्थिती याहून वेगळी नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेंगळुरू' हे अधिकृत नाव झाले, तरी मराठी माणूस बंगलोर, बंगळूर, बंगळुरू, बेंगलोर यांपैकी जे तोंडी असेल ते लिहितो. त्याच वेळी बेळगावचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले. मराठी मन त्या नावाला राजी नाही, हे सर्वज्ञात आहे. परंतु बेळगावचा कुंदा विकणाऱ्याला कीवर्डच्या यादीत दोन्ही नावे घ्यावीच लागतात. सीमावादात बाजू घेण्याची सोय या यादीत नाही. विचारणारा जे नाव उच्चारील, तेच त्या क्षणी खरे धरावे लागते.

डब्यासाठी शब्द शोधताना

पुढील विवेचनासाठी एक गृहीत उदाहरण घेता येईल. येलहंका न्यू टाउनमध्ये राहणाऱ्या एका मराठी बाई घरातून जेवणाचे डबे देऊ इच्छितात. पोळी, भाजी, आमटी, भात. आठवड्यातून दोनदा भाकरी. रविवारी मटणाचा रस्सा. रोज तीनशे रुपये जाहिरातीवर खर्च करण्याची त्यांची तयारी आहे. एका क्लिकला दहा रुपये पडले असे समजले, तर त्यांना दिवसाकाठी तीस माणसे आपल्या दारापर्यंत आणता येतात. त्या कोणते शब्द निवडतील?

मनात पहिला शब्द येतो 'खानावळ'. मराठीत या शब्दाला विद्यार्थ्यांचा, नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्यांचा वास आहे. मात्र बेंगळुरूत 'खानावळी' हा कन्नड शब्दही तितकाच जिवंत आहे, आणि त्याचा अर्थ उत्तर कर्नाटकी पद्धतीची जेवणाची जागा असा होतो. तेथे 'जोळद रोट्टी', म्हणजे ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते. रोमन लिपीत हा शब्द टंकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा विजयपूर किंवा हुबळीकडचे ताट असते, पुण्याचे नव्हे. मग हा शब्द टाकावा की ठेवावा? याचे उत्तर व्याकरणात नाही, स्वयंपाकघरात आहे. बाई रोज भाकरी देत असत्या, तर हा गिऱ्हाईक त्यांचाच होता, कारण कृष्णेच्या दोन्ही तीरांवरचे जेवण एकमेकांपासून फार दूर नाही. त्या पोळी देतात, म्हणून हा शब्द भाकरीच्या दोन दिवसांपुरता आणि जाहिरातीत 'ज्वारीची भाकरी' असे स्पष्ट लिहूनच वापरावा, हे बरे.

दुसरा शब्द 'पोळी'. पुण्याच्या माणसाला ती रोजची गव्हाची पोळी वाटते. बेंगळुरूत तमिळभाषकांच्या ओठी 'पोळी' म्हणजे गोड पदार्थ, ज्याला कन्नडात 'होळिगे' किंवा 'ओब्बट्टु' म्हणतात. मराठीत ज्याला पुरणपोळी म्हणतात, त्याच जातीचा. म्हणून नुसत्या 'पोळी' या कीवर्डवर सणासुदीला गोडाचे गिऱ्हाईक येईल, डब्याचे नव्हे. त्यापेक्षा 'चपाती' हा शब्द मराठी अभिरुचीला थोडा परका वाटला, तरी येलहंक्यात तो अधिक कामाचा आहे. सोलापूर-कोल्हापूरकडील घरांत तर तो परकाही नाही. 'वांगी' या शब्दाचे असेच. बेंगळुरूत 'वांगी' शोधणाऱ्याला बहुतेक वेळा 'वांगी बात' हा मसालेभात हवा असतो. 'भाजी' देवनागरीत निःसंदिग्ध आहे. रोमन लिपीत मात्र 'भाजी' आणि 'भजी' एकच होतात, आणि कन्नडातील 'बज्जी' त्यांच्या शेजारी येऊन बसते.

'मेस' हा तरुणांचा आवडता शब्द. येलहंक्यात त्याला आणखी एक अर्थ चिकटतो, तो वायुदलाच्या तळामुळे. अधिकाऱ्यांच्या मेसचा पत्ता शोधणारे, मेसमध्ये स्वयंपाक्याची नोकरी शोधणारे, भरतीची जाहिरात शोधणारे असे सर्व जण त्या शब्दातून आत येऊ शकतात. दहा क्लिकपैकी चार अशी निघाली, तर तीनशेतील एकशेवीस रुपये रोज, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांहून अधिक रक्कम, ज्यांना जेवण नको आहे त्यांच्यावर खर्च झाली. 'हॉटेल' या शब्दाची गत तशीच आहे. मराठी व कन्नड बोलण्यात हॉटेल म्हणजे खाण्याची जागा. प्रवाशाच्या शोधात ती राहण्याची जागा होते. जुन्या म्हैसूर प्रांतात 'मिलिटरी हॉटेल' म्हणजे मांसाहारी खाणावळ. मराठा सैनिकांपासून हे नाव आले, अशी एक समजूत प्रचलित आहे. वायुदलाच्या तळाशेजारी राहणाऱ्या, महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या माणसाला हा शब्द भलतेच काही सुचवील, यात नवल नाही.

त्या मानाने 'थालीपीठ', 'मिसळ', 'पिठले', 'उकडीचे मोदक' हे शब्द सरळ आहेत. त्यांना दुसऱ्या भाषेत वाटेकरी नाही. एवढ्यावर मात्र विसंबून चालत नाही, कारण 'उकडीचे मोदक' असे लिहिणाऱ्यांत मोदक विकत घेणारे किती आणि ते कसे करावेत हे शिकू पाहणारे किती, याचा विचार करावा लागतो. भाद्रपदात दुसरा वर्ग मोठा असणे स्वाभाविक आहे. शब्द तोच, हेतू निराळा. अर्थविचारात ज्याला वक्त्याचा अभिप्राय म्हणतात, त्याचेच हे बाजारी रूप होय.

नकारांची यादी

हेतू ओळखण्याचे एक साधन या व्यवस्थेत उपलब्ध आहे, त्याला नकारात्मक कीवर्ड म्हणतात. 'कृती', 'रेसिपी', 'कसे करावे', 'भरती', 'नोकरी', 'ऑफिसर्स' हे शब्द शोधात असतील तर जाहिरात दाखवू नये, असे जाहिरातदार सांगू शकतो. अनुभवी माणसे होकारांपेक्षा नकारांच्या यादीवर अधिक वेळ घालवतात, आणि ते योग्यच आहे. मराठीसाठी तर ही यादी आणखी जपून करावी लागते. होकारार्थी कीवर्डच्या बाबतीत यंत्र आता जवळची रूपे, समान अर्थाचे शब्दही आपण होऊन जुळवते. नकारात्मक कीवर्डला मात्र समानार्थी शब्द किंवा एकवचन-अनेकवचन यांची अशी सवलत नाही. 'रेसिपी' नाकारली, तरी 'कृती' नाकारली जात नाही; 'कृती' नाकारली, तरी ऱ्हस्व लिहिलेली 'कृति' २०२४ पर्यंत आत येत असे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार नियम करून लेखन प्रमाणित केले. शोधचौकटीत लिहिणाऱ्याने ते वाचलेले असतातच असे नाही. येथे शुद्धलेखनाचा आग्रह धरणारा तेव्हा स्वतःच्याच पैशाने दंड भरत असे.

होकारार्थी कीवर्ड जुळवण्याच्या तीन पद्धती आहेत. नेमकी जुळणी घट्ट असते. वाक्यांश-जुळणीत शोधाचा अर्थ कीवर्डला सामावून घेणारा असावा लागतो. विस्तृत जुळणीत यंत्र आपल्या समजुतीने संबंधित वाटणाऱ्या कोणत्याही शोधाला जाहिरात दाखवते. 'नेमकी' या विशेषणावर फार विश्वास टाकू नये. २०१४ पासून तीत अनेकवचने व लेखनभेद सक्तीने धरले जाऊ लागले, २०१७ मध्ये शब्दक्रम सैल झाला आणि २०१८ पासून समान अर्थाचे शोधही तीत आले. इंग्रजीत हे बरेचसे सुरळीत चालते. मराठीत सामान्यरूपे आहेत, विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात : येलहंका, येलहंक्यात, येलहंकामध्ये, येलहंक्यातील, येलहंक्याजवळ. या रूपांची ओळख यंत्राला किती आहे, यावर भिस्त ठेवण्यापेक्षा प्रमुख रूपे स्वतंत्रपणे लिहिणे श्रेयस्कर ठरते.

याहून सूक्ष्म अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'भाकऱ्या' हा शब्द संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर हलन्त करून वापरतात; दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संकेतांच्या पातळीवर मात्र ते दोन भिन्न शब्द आहेत. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधीची 'अ'वर चंद्र देण्याची सवय अजूनही अनेक कळफलकांत टिकून आहे. शोधयंत्रे असे भेद बऱ्याच अंशी समजून घेतात, परंतु नकाराच्या यादीत दोन्ही रूपे घालणे हा स्वस्तातला विमा आहे.

शब्दातील जागा आणि नकाशावरील जागा

एवढी काळजी घेऊन बाईंनी 'येलहंक्यात मराठी डबा', 'येलहंका पोळीभाजी डबा' असे शब्द निवडले, तर काय होईल? बहुतेक वेळा काहीच नाही. ज्या शब्दांचा शोध फारच कमी घेतला जातो, त्यांना ही व्यवस्था 'कमी शोधप्रमाण' असा शेरा देऊन निष्क्रिय करते. शब्द चुकीचा नसतो. त्याला बोलणारे पुरेसे नसतात. मराठीच्या दृष्टीने हा खरा प्रश्न आहे. परप्रांतातील लहान समाजाची भाषा नेमकी वापरायला जावे, तर ती यंत्राच्या गणतीत येत नाही. आणि गणतीत येणारी भाषा वापरावी, तर ती नेमकी राहत नाही.

यातून एक वाट आहे आणि ती फार उपयुक्त आहे. जागा शब्दातून काढून नकाशात घालावी. कीवर्ड 'मराठी जेवणाचा डबा', 'महाराष्ट्रीयन टिफिन', 'घरगुती डबा' असे स्थळनामाविना ठेवावेत, आणि जाहिरात येलहंका, जक्कूर, कोगिलू, अट्टूर, अल्लाळसंद्रा एवढ्याच परिसरात दिसेल अशी भौगोलिक मर्यादा आखावी. ही मर्यादा एखाद्या बिंदूभोवती काही किलोमीटरच्या वर्तुळाने ठरवता येते. असे केल्याने शब्दाला सर्व देशातील शोधांचे बळ मिळते आणि खर्च मात्र शेजाऱ्यांपुरता राहतो. येथे एक खाचखळगा आहे. मूळ मांडणीत त्या जागी असलेल्यांबरोबर त्या जागेविषयी रस दाखवणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. पुण्यात बसून येलहंक्यातील घरभाडे पाहणारा माणूसही त्यात येतो. डबा पुण्याला जाणार नाही. म्हणून 'प्रत्यक्ष उपस्थित' हा पर्याय निवडणे आवश्यक असते. रोजच्या रकमेविषयीही सावध राहावे. एखाद्या दिवशी ठरलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची कमाल मर्यादा रोजच्या रकमेच्या ३०.४ पट इतकी असते.

लिपीचा प्रश्न येथेच येतो. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणूस, विशेषतः तरुण, रोमन लिपीत शोधतो आणि बरेचदा इंग्रजीत. स्वतःला मराठी म्हणवणारा हाच माणूस शोधताना 'महाराष्ट्रीयन' हा इंग्रजी घाटाचा शब्द वापरतो. तो प्रमाण मराठीत बसत नाही, म्हणून गाळणे हा राजव्यवहारकोशाचा मार्ग झाला. तो जसा आहे तसा घेणे हा मोल्सवर्थचा. कीवर्डच्या यादीत दुसऱ्याच मार्गाने जावे लागते. दुसरीकडे ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या आवाजी शोधात मराठीचा समावेश झाल्यापासून, ज्यांना टंकता येत नाही अशी वडीलधारी माणसे पूर्ण वाक्यात विचारू लागली : 'इथं जवळपास मराठी जेवणाचा डबा कुठं मिळंल'. त्या वाक्यात आलेले 'कुठं' आणि 'मिळंल' पुस्तकी मराठीत सापडणार नाहीत. मुलाकडे राहायला आलेल्या आई-वडिलांसाठी डबा शोधला जातो तेव्हा असे प्रश्न येतात, आणि बाईंचे सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक बहुधा हेच असते.

दुसऱ्याचे नाव आणि निषिद्ध शब्द

येलहंक्यात आधीपासून नाव कमावलेला दुसरा डबेवाला असेल, तर त्याचेच नाव आपला कीवर्ड म्हणून घ्यावे काय, असा मोह होतो. भारतीय न्यायालयांपुढे हा प्रश्न अनेकदा आला आहे. विवाहजुळणीच्या संकेतस्थळांसंबंधीच्या कॉन्सिम इन्फो विरुद्ध गूगल या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने २०१० साली, सामान्य वर्णनपर शब्दांवर कोणाची एकट्याची मालकी सांगता येत नाही, या अंगाने विचार केला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात असे ठरवले की नोंदणीकृत व्यापारचिन्ह कीवर्ड म्हणून वापरणे हा त्या चिन्हाचा कायद्याच्या अर्थाने वापर होय. मात्र तेवढ्याने उल्लंघन सिद्ध होत नाही, ग्राहकाचा गोंधळ व्हावा लागतो. लहान विक्रेत्याने यातून एवढेच घ्यावे, की दुसऱ्याच्या नावावर आलेला माणूस त्या दुसऱ्यालाच शोधत असतो. तो क्लिक करून परत जातो आणि दहा रुपये मागे ठेवून जात नाही, घेऊन जातो.

काही शब्द कोणालाच निवडता येत नाहीत. गर्भलिंगनिदानाची जाहिरात १९९४ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. त्याआधी १९८८ साली महाराष्ट्राने या निदानावर नियंत्रण आणणारा कायदा केला होता. साबू मॅथ्यू जॉर्ज यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली शोधकंपन्यांना अशा जाहिरातींशी संबंधित शब्दप्रयोग आपोआप रोखण्यास भाग पाडले. शब्दांची यादी हा न्यायालयीन आदेशाचा विषय व्हावा, ही भाषाभ्यासकाने नोंद घेण्याजोगी घटना आहे. मराठीत याच हेतूने जे आडवळणाचे वाक्प्रयोग बोलले जातात, ते कोणत्याही यादीत मावण्यासारखे नाहीत, हेही येथे विसरता येत नाही.

कॅलेंडर आणि यंत्र

कीवर्डची यादी एकदा करून ठेवण्याची वस्तू नाही, याचे येलहंक्याइतके ठसठशीत उदाहरण दुसरे मिळणे कठीण. १९९६ पासून येथील वायुदलाच्या तळावर 'एरो इंडिया' हे विमानप्रदर्शन भरते, साधारणपणे एक वर्षाआड फेब्रुवारीत. त्या दिवसांत 'येलहंका' आणि 'हॉटेल' हे शब्द सोबत आले, तर ते बहुतेक खोलीसाठी असतात. 'मेस' आणि 'पास' हेही वेगळ्याच अर्थाने येतात. शिवाय २०२३ साली तत्कालीन बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने ३० जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात तळाच्या दहा किलोमीटर परिसरात मांसविक्री व मांसाहारी पदार्थ देण्यास बंदी घातली. उघड्यावरील अवशेषांमुळे घारी व अन्य पक्षी गोळा होतात आणि विमानांना धोका पोचतो, हे त्यामागील कारण होते. २०२५ च्या प्रदर्शनाच्या वेळीही असा आदेश निघाला. बाईंचा रविवारचा रस्सा त्या आठवड्यांत देता येणार नाही. म्हणून 'मटण', 'तांबडा रस्सा', 'पांढरा रस्सा' हे कीवर्ड तेवढ्यापुरते थांबवावे लागतील. न थांबवल्यास, जे देणे शक्य नाही त्यासाठी पैसे भरले जातील. उलट शाकाहारी डब्याची रक्कम त्याच आठवड्यांत वाढवणे शहाणपणाचे ठरेल.

अशी माहिती यंत्राजवळ नसते. तरीही अलीकडच्या काळात निवडीचे काम यंत्राकडे सोपवण्याकडे कल वाढला आहे. २०२१ पासून आलेल्या परफॉर्मन्स मॅक्स या मोहीमप्रकारात जाहिरातदार कीवर्ड ठरवत नाही; तो फार तर विषय सुचवतो. इंग्रजी शहरी बाजारात ही सोय अनेकांना मानवते. यंत्राला मराठी जेवढी वाचायला मिळाली आहे, तेवढीच त्याला कळते, आणि त्या मराठीत येलहंक्यातील 'खानावळी'चा शेजार असण्याची शक्यता अल्प आहे. म्हणून निदान आरंभीचे काही महिने शब्द हाताने निवडणे, जुळणी घट्ट ठेवणे, आणि दर आठवड्याला शोधशब्दांचा अहवाल ओळ न् ओळ वाचणे यास पर्याय दिसत नाही. या अहवालात जाहिरात कोणत्या प्रत्यक्ष शोधांवर दाखवली गेली, ते मिळते. सप्टेंबर २०२० पासून त्यात फक्त पुरेशा लोकांनी केलेले शोधच दाखवले जातात, त्यामुळे विरळ बोलल्या जाणाऱ्या भाषेतील बरेच शब्द खर्चात धरले जाऊनही डोळ्यांआड राहतात. त्यांची भरपाई जुन्या रीतीनेच करावी लागते. डबा मागणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला, आमच्यापर्यंत आलात ते नेमके काय लिहून, एवढे विचारावे आणि तो सांगेल ते शब्द, चुकीच्या ऱ्हस्वदीर्घासकट, वहीत उतरवून घ्यावेत.